कोबीवरचा झेड

पुणे, २४ नोव्हेंबर १९९६

ती. मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. घरची खुशाली आईच्या पत्रातून कळलीच असेल, तेव्हा सरळ कामाचे बोलतो.

माझ्या पीएच.डी.ची मुदत दोनदा वाढवून झाली आहे. तिसऱ्यांदा बहुतेक वाढत नाही. सहा वर्षे मी नक्की काय करतो ते आरतीच्या लग्नात तुम्हाला सांगायला घेतले होते, पण वाजंत्री आली. थोडक्यात असे: एकाच झाडावर दोन जातींच्या अळ्या असल्या की त्यांची खाण्यासाठी चढाओढ लागते. त्यात शेवटी कोण उरते आणि किती दिवसांनी, हे मी समीकरणे मांडून सांगतो. आजवर माझ्या सगळ्या अळ्या कागदावरच होत्या. आता आमचे सर म्हणतात, "भरत, तुझ्या अळ्यांनी सहा वर्षांत एक पान खाल्लेलं नाही. खऱ्या आण."

म्हणून तुमच्या मळ्यातले कोबीचे वीस गड्डे मला हवे आहेत. मी परवाच्या एस.टी.ने मच्छरदाणी पाठवतो. ती गड्ड्यांवर बांधायची, म्हणजे बाहेरचे पतंग आत शिरणार नाहीत. आत दोन जातींच्या अळ्या सोडायच्या: ती बारीक हिरवी, जी हात लावला की धाग्यावरून लोंबते, आणि ती करडी, जी वेटोळे करून पडते. दोन्ही साठ-साठ. मग साठ दिवस रोज सकाळी सहाला मोजायच्या आणि वहीत दोन रकान्यांत आकडे लिहायचे. औषध मारायचे नाही, बाकी काही नाही.

हे काम मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. तीस वर्षे आपल्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीचे घड्याळ तुमच्या हातात आहे आणि एकाही गाडामालकाने तुमच्या सेकंदावर बोट ठेवलेले नाही. माझी पदवी आता त्याच हातात आहे.

तुमचा
भरत


मधला मळा, ता. आंबेगाव
१६ डिसेंबर १९९६

चि. भरतला रखमाजीमामाचा आशीर्वाद. तुझ्या अळ्यांनाही दिला असता, पण मी पंच आहे, कुणा एकीला जास्त लागला तर पंचाईत.

मच्छरदाणी मिळाली. रस्त्याने जाणारा येणारा थांबून बघतो. संपत म्हणाला, "रखमाभाऊ, कोबीला हिवताप आलाय जनू, मच्छरदाणीत निजवलाय." मी त्याला सांगितलं की हे विद्यापीठाचं काम आहे. त्यावर तो म्हणाला, "मंग बरोबर हाये." आता याचा अर्थ काय घ्यायचा ते तूच ठरव.

एक तारखेपासून रोज सहाला मोजतो. चष्मा पुसून दोनदा मोजतो, आणि दोन्ही वेळचा आकडा जुळला तरच लिहितो. पहिले आठ दिवस मात्र मला फार वाईट गेले. करडी दांडगी निघाली. गाभ्याजवळची कोवळी पानं तिनेच धरली आणि हिरवी बिचारी बाहेरच्या जून पानांवर. नवव्या दिवशी हिरव्या एकोणीस उरल्या होत्या, त्याही तीनच गड्ड्यांवर दाटीवाटीने. मला चहा गोड लागेना. पण आता तू काळजी करू नकोस, सगळं व्यवस्थित मार्गी लागलं आहे. आकडे सोबत पाठवले आहेत, त्यावरून तुला दिसेलच.

तुझी मामी धुसफुसते आहे. कोंबड्या झाकायचं डालगं कोबीपाशी नेऊन ठेवलंय, आणि कोंबड्या घरभर. "भाच्याची डिगरी हुईस्तवर आमी काय अंडी झोळीत ठिवायची का?" असं विचारते. तिला दोन ओळी लिही.

बाकी ठीक. विहिरीच्या पाण्याची पाळी नेहमीसारखी चालू आहे, चार दिवस आपले, चार दिवस खालच्या मळ्यातल्या 'त्यांचे'. त्यामुळे भांडण नाही. बोलणंही नाही.

रखमाजी


पुणे, २ जानेवारी १९९७

ती. मामा,

तुमचे आकडे मी आलेखावर मांडले आणि रात्रभर तो कागद पुनःपुन्हा उलटा करून पाहिला. नंतर सरांना दाखवला. ते खुर्चीतून उठले. आमचे सर खुर्चीतून उठत नाहीत, कुलगुरू आले तरी नाहीत.

काय झाले ते सांगतो. दोन जाती एकाच अन्नासाठी झगडत असतील तर माझ्या समीकरणांना दोनच गोष्टी मान्य आहेत. एक जात संपते, किंवा दोघी आपापल्या आकड्यावर थांबतात. आलटून पालटून वर-खाली होणे त्यांना मान्यच नाही. हे मी नव्हे, माझ्यापेक्षा फार मोठ्या लोकांनी सिद्ध केलेले आहे. पण तुमच्या कोबीवर नवव्या दिवसापासून चार दिवस हिरवी चढते, चार दिवस करडी चढते, मग पुन्हा हिरवी. घड्याळ लावल्यासारखे. सर म्हणाले, "एक तर मोजणारा चुकतोय, नाही तर जग." मी म्हणालो, मोजणारा चुकत नाही.

तेव्हा जगात काहीतरी चुकत असले पाहिजे. मी असे मानले आहे की मच्छरदाणीच्या आत तिसरा कुणी जीव येतो-जातो, जो अजून आपल्याला दिसलेला नाही. समीकरणात त्याला मी 'झेड' म्हटले आहे. गांधीलमाशी असेल, बुरशी असेल, काहीही असेल. कृपा करून बारीक नजर ठेवा. झेड सापडला तर माझा प्रबंध होईलच, पण वर आणखी पुष्कळ काही होईल.

मामींना सांगा, अंड्यांची आठवण आहे.

भरत


मधला मळा
९ जानेवारी १९९७

चि. भरत,

तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि मग काठी घेऊन झेडच्या मागे लागलो.

पहिल्या दिवशी कोबीपाशी उकिडवा बसून राहिलो, साडेपाच ते आठ. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणीच्या चारी बाजूंनी चुलीतली राख पसरली, म्हणजे जो येईल त्याचे पाय उमटतील. सकाळी पाहिलं तर माझ्याच वहाणांचे ठसे. उजव्या वहाणेचा अंगठा तुटलेला आहे, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. झेडला पाय नसावेत, असा माझा अंदाज आहे.

तिसऱ्या दिवशी भागू धनगराला विचारलं. तो रानात राहणारा, त्याला सगळं माहीत. तो म्हणाला, "दिसत न्हाई आन मोजता येतंय म्हंजी तलाठी आसंल." असल्या माणसांकडून शास्त्राची प्रगती होणार नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं.

पण तुला एक विचारतो. तू लिहितोस की झेड चार-चार दिवसांनी बाजू बदलतो. मग तो वाईट आहे असं तू का धरून चालतोस? मला तर तो जाणता वाटतो. त्याच्यामुळे हिरवी जगली.

रखमाजी


पुणे, ३ फेब्रुवारी १९९७

ती. मामा,

साठ दिवसांची वही पोचली. इतकी स्वच्छ वही आमच्या विभागात कुणी पाहिलेली नाही. सरांनी ती काचेच्या कपाटात ठेवली आहे आणि किल्ली स्वतःकडे.

आता ऐका. मी समीकरणे उलटी चालवून झेडचे वर्णन काढले आहे:

तो संख्येने एकच आहे. वाढत नाही, घटत नाही. कोबी खात नाही. अळ्याही खात नाही. अळ्या मरत नाहीत, नुसत्या नाहीशा होतात आणि चार दिवसांनी जवळजवळ तितक्याच परत येतात. तो पहाटे येतो. त्याला भूक नाही, भीती नाही, आणि दोन्ही जातींबद्दल त्याचे प्रेम अगदी समान आहे. कीटकशास्त्राच्या विभागात मी हे वाचून दाखवले तेव्हा तिथले प्राध्यापक म्हणाले, असा कीटक नाही. सर म्हणाले, "आजवर नव्हता."

आणखी एक अद्भुत गोष्ट. दहा ते सतरा जानेवारी या आठ दिवसांत सगळे आकडे बाराने भाग जाणारे आहेत. अठ्ठेचाळीस, बारा, साठ, छत्तीस. एकही अपवाद नाही. अळ्या काही काळ डझनाने वागतात, हे निसर्गात कुणी पाहिलेले नाही. सरांनी यावर स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे.

वीस फेब्रुवारीला परीक्षक बेंगळूरहून येणार आहेत आणि प्रत्यक्ष मळा पाहणार आहेत. त्यांची खात्री पटली की मी सुटलो. भीमाशंकरलाही जायचे म्हणतात, पण आधी कोबी.

तुमचा, जवळजवळ डॉक्टर,
भरत


मधला मळा
८ फेब्रुवारी १९९७

चि. भरत,

तुझे पत्र काल दुपारी आले. मी ते मामीला वाचून दाखवत होतो. "पहाटे येतो, एकटाच असतो, काही खात नाही, भीत नाही," इथवर आलो तर ती निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाली, "आवं, ह्ये तर तुमीच की."

मी तिच्यावर खेकसलो. मग पुढचं वाचलं.

भरत, झेड मीच आहे असं दिसतं.

नवव्या दिवशी एकोणीस हिरव्या उरल्या हे तुला लिहिलं होतं. मला ते बघवेना. दोघी एकाच मळ्यातल्या, आणि एकीने पोटभर खायचं नि दुसरीने वाळकं पान चघळायचं, हे माझ्या देखत होणार नाही. म्हणून मी त्यांना पाळी लावून दिली. चार दिवस हिरवीचे, चार दिवस करडीचे. जिची पाळी नाही तिला मी पहाटे हलक्या हाताने उचलून बाहेरच्या गड्ड्यावर डालग्याखाली ठेवत होतो आणि चार दिवसांनी परत आत. कमी पडल्या तर पलीकडच्या सरीतून भर घातली. मोजलं मात्र जसं आहे तसं, आकडा एकही खोटा नाही. आपल्या विहिरीची पाळी आईने अशीच लावून दिली होती, आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली तरी खून पडलेला नाही. मला वाटलं, अळ्यांनाही मानवेल. मानवलं.

दुसरी गोष्ट. दहा जानेवारीला बैलाने माझ्या पायावर पाय दिला आणि मी आठ दिवस मंचरच्या दवाखान्यात होतो. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून कळवलं नाही. साठ दिवस भरले नाहीत तर तुझं सगळं वाया जाईल, म्हणून तिथे पडून मी नुसता तळमळत होतो. घरी येऊन वही उघडली तर आठही दिवस भरलेले, पाळी न चुकवता अळ्याही बदललेल्या. मामीला लिहिता येत नाही. मी कुणाला विचारलं नाही. नंतर सगळी वही एकाच अक्षरात नवी उतरवून काढली आणि तुला पाठवली.

डझनाचं म्हणशील तर आपल्या शिवेला अंड्यांचा धंदा करणारा आणि सगळं डझनात मोजणारा एकच माणूस आहे, आणि त्याचं नाव मी विहिरीवरच्या मोटारीच्या कुलपाच्या भांडणापासून अकरा वर्षे घेतलेलं नाही. तूही आता घ्यायला लावू नकोस.

मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

रखमाजी


पुणे, १३ फेब्रुवारी १९९७

मामा,

सरांनी वही कपाटातून बाहेर काढली. लेख परत मागवला. परीक्षकांना तार केली की कोबी काढून झाला आहे. मला त्यांनी एवढेच विचारले, "तुझ्या मामांना आपण फक्त मोजायला सांगितलं होतं ना?"

सहा वर्षांत मला निसर्गाचा एक नवा नियम सापडला होता, तोही डालग्याखाली. अळ्यांना पाळी लावणारा माणूस या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा मामा असावा! उद्या तुम्ही बोक्याला आणि उंदरालाही वार वाटून द्याल.

मी चिडलो आहे. उत्तर पाठवू नका.

भरत


मधला मळा
१८ फेब्रुवारी १९९७

चि. भरत,

उत्तर नाही, खुलासा आहे. तू औषध मारू नका, बाकी काही नाही, असं लिहिलं होतंस. पत्र माझ्यापाशी आहे. हात लावू नका असं त्यात नाही.

यंदाच्या यात्रेत घड्याळ मी धरणार नाही, असं पंचांना कळवलं आहे. ज्याच्या हातून भाच्याची पदवी गेली त्याच्या सेकंदावर लोकांनी का विश्वास ठेवावा?

मामीने तुझ्यासाठी हुलग्याचं पीठ दळून ठेवलंय. न्यायचं असेल तर ने.

रखमाजी


पुणे, १० नोव्हेंबर १९९७

ती. मामा,

नऊ महिने पत्र लिहिले नाही, त्याची लाज वाटते. पीठ आईने आणून दिले. ते संपले तेव्हा राग संपला, खरे तर त्याच्या आधीच.

सरांनी कुठे कुठे शब्द टाकून मुदत शेवटची वाढवून घेतली आहे. फेब्रुवारीअखेर प्रबंध नाही, तर कधीच नाही. पुन्हा वीस गड्डे हवेत, आणि पुन्हा तुम्हीच मोजायला हवे. घड्याळ सोडल्याचे कळले. ते मला आवडले नाही.

या वेळी सरांची एक अट आहे. अळ्यांना कुणीही हात लावला नाही, असे दोन साक्षीदारांच्या सहीने लिहून हवे. तुम्हाला कळवळा येईल, आणि मामींना डालगे हवे असल्यामुळे त्यांची साक्ष चालणार नाही. म्हणून, रागावू नका, मी कुशाबामामांना कार्ड टाकले आहे. त्यांनी तुमच्यावर नजर ठेवायची आणि तुम्ही त्यांच्यावर. बोलायची अट नाही.

भरत


खालचा मळा
१७ नोव्हेंबर ९७

चि. भरत यास कुशाबाचा आशीर्वाद.

कार्ड मिळाले. येतो. बांधाच्या माझ्या बाजूला बसेन, त्याच्या बाजूला पाय टाकणार नाही.

मागच्या साली ते आठ दिवस मी मोजले. दादा दवाखान्यात होता. रोज पहाटे तो काय करतो ते मी बांधावरून बघत होतो, म्हणून पाळी ठाऊक होती. त्याचे काम बुडू नये एवढेच मनात होते. डझनाची सवय आहे, उरलेल्या सुट्या अळ्या धरल्या नाहीत, त्याने तुझे नुकसान झाले असल्यास माफी असावी.

हे दादाला कळवू नको. कोंबड्या ठीक.

कुशाबा


मधला मळा
२६ डिसेंबर १९९७

चि. भरत,

वही सोबत पाठवतो आहे. यात झेड नाही.

एक तारखेला आम्ही दोघे बसलो, गड्डे बांधाला लागूनच, बांधाच्या इकडे मी, तिकडे तो. मी मोजायचं आणि आकडा मोठ्याने म्हणायचा, मग त्याने मोजायचं आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. एकमेकांशी नाही, कोबीशी बोलायचं. चौथ्या दिवशी मी "त्रेपन्न" म्हणालो आणि तो "साडेचार डझन" म्हणाला. मी कोबीला म्हणालो, "कोबी, नीट मोजायला सांग." तो कोबीला म्हणाला, "कोबी, चष्मा बदलायला सांग." पुन्हा मोजलं. त्रेपन्नच होत्या. दुसऱ्या दिवसापासून तो सुटे मोजू लागला.

यंदाही तसंच झालं. करडीने गाभा धरला, हिरवी बाहेर पडली. चाळीस, तेवीस, अकरा. मी हात पाठीमागे बांधून बसायचो. तू हे जे काम करतोस, ते रोज नुसतं बघत राहायचं काम आहे, हे मला आता कळलं. फार कठीण आहे.

बाविसाव्या दिवशी एकच हिरवी उरली. एका वाळक्या पानाच्या कडेला धाग्यावर लोंबत होती. कुशाबा बांध ओलांडून आला. ठरलं होतं, त्याच्या बाजूचा पाय माझ्या बाजूला यायचा नाही, पण आला. आणि मच्छरदाणी वर करून त्याने हात आत घातला. मी त्याचं मनगट धरलं.

तो म्हणाला, "सोड दादा. येक तर हाय. कुनाला कळतंय?"

मी म्हणालो, "भरतचं जाईल रे सगळं."

आम्ही तसेच उभे राहिलो, मी त्याचा हात धरून. अकरा वर्षांत मी त्याचा हात धरला नव्हता, आणि धरला तो अळीला वाचवू नये म्हणून. त्याच्या मनगटावर आमची आई गेली तेव्हाचा गंडा अजून आहे. माझ्या नाही राहिला.

तेविसाव्या दिवशी सकाळी हिरव्या शून्य. तुझं गणित चोविसावा दिवस सांगत होतं. शर्यतीत एवढा फरक चालत नसतो, पण अळ्यांना चालत असेल.

वहीच्या शेवटी दोघांच्या सह्या आहेत. दोघांच्या सह्या एका कागदावर याआधी एकदाच आल्या होत्या, तो वाटणीचा कागद होता. या वेळी मी त्याला बरं पेन दिलं.

रखमाजी


पुणे, ११ मार्च १९९८

ती. मामा,

झाले. मी डॉक्टर झालो. परीक्षक बेंगळूरहून आले. त्यांनी शेवटचे पान उघडले आणि एवढेच विचारले, "कुणीही हात लावला नाही याची खात्री काय?" मी सह्या दाखवल्या. ते म्हणाले, "दोघांचं आडनाव एक आहे. भाऊ आहेत का? मग एकमेकांचं झाकतील." मी म्हणालो, सर, हे भाऊ झाकणारे नाहीत. ते हसले आणि सही केली. त्यांना काय कळले कुणास ठाऊक.

मागच्या वर्षीची वहीही प्रबंधाला जोडली आहे, शेवटच्या परिशिष्टात. झेड शून्य धरला की हिरवी संपते आणि झेड एक धरला की दोघी जगतात, इतकेच तिथे लिहिले आहे. सर म्हणाले, झेड हे नाव गाळ. मी गाळले नाही.

कुशाबामामांनाही पत्र टाकतो आहे. यात्रेत घड्याळ कुणाच्या हातात आहे ते कळवा.

भरत


मधला मळा
१९ मार्च १९९८

चि. डॉ. भरत,

आशीर्वाद, आता मोकळ्या हाताने. पेढे मामीने वाटले, संपतला दोन दिले. त्याने विचारले, "आता त्यो कोबीला विंजक्शन दील का?" मी हो म्हटलं.

घड्याळ माझ्या हातात आहे. कुशाबा निशाणापाशी उभा राहणार आहे.

एक सांगायचं राहिलं होतं. परवा विहिरीच्या पाण्याचा माझा चौथा, शेवटचा दिवस होता. संध्याकाळी मोटार बंद करायला विहिरीवर गेलो तर कुशाबा पेटीपाशी बसलेला. मला वाटलं, वेळेआधी आला, आता वाजणार. कांद्याचे माझे तीन वाफे कोरडे राहिले होते, ते त्याने बघितले असावेत. मी बटणाकडे हात नेला तर त्याने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे चालू," म्हणाला. "मी हितंच बसलोय. मला कुटं जायाचंय."

रात्र होईपर्यंत आम्ही दोघे तिथेच बसलो. वहीत हे लिहिलेलं नाही. तू पाणी धरून गणित करतो म्हणालास तर मी आकडे देणार नाही.

रखमाजी